घरी इंजिन बांधताना बॅलन्सिंग: पिस्टन, रॉड, क्रँक आणि फ्लायव्हील

इंजिन उघडलं की बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि व्हॉल्व्ह लॅपिंगसाठी सगळेच पैसे मोजतात. बॅलन्सिंग, म्हणजे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड काट्यावर ठेवून त्यांची वजनं सारखी करणं, मात्र बहुतेक ठिकाणी राहून जातं. खरं तर सगळ्या ओव्हरहॉलमधलं हे एकच काम असं आहे, की त्यातला मोठा भाग घरच्या टेबलावर होतो आणि तो वर्कशॉपपेक्षा चांगला होऊ शकतो. इथे महागडी मशीन फारशी लागत नाही. दहा वेळा तेच वजन पुन्हा करायची तयारी लागते, आणि ती घरी काम करणाऱ्याकडे असते.

उदाहरणासाठी मारुती जिप्सीचं १३०० चं इंजिन घेऊ. चार सिलेंडर, १२९८ सीसी, बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी. महाराष्ट्रात आजही ही गाडी हौसेने बांधली जाते, सुटे भाग मिळतात, आणि एका ओळीतल्या चार सिलेंडरच्या कुठल्याही पेट्रोल इंजिनाला इथली पद्धत तशीच लागू पडते. तीन सिलेंडरचं इंजिन थोडं वेगळं वागतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कुठला हादरा जातो, कुठला राहतो

आधी हिशेब करू, म्हणजे एका ग्रॅमसाठी एवढी धडपड कशाला हे कळेल. फिरणाऱ्या वजनाचा ओढा वजन, त्रिज्या आणि फिरण्याच्या वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराएवढा असतो. जिप्सीच्या क्रँकची त्रिज्या स्ट्रोकच्या निम्मी, म्हणजे ३७.७५ मिमी. ६००० आरपीएमला १ ग्रॅमचा फरक सुमारे १५ न्यूटन, म्हणजे साधारण दीड किलोचा धक्का देतो. १० ग्रॅमचा फरक असेल तर १५ किलो, सेकंदाला शंभर वेळा. तेच इंजिन ८०० आरपीएमवर नुसतं चालू असेल तर या १० ग्रॅमचा धक्का पाव किलोच्या आसपास उरतो, कारण वेग साडेसात पटीने कमी झाला की धक्का छप्पन्न पटीने कमी होतो.

या एका आकड्यावरून पुढचं बरंच निदान ठरतं. आयडलला इंजिन हलत असेल तर बॅलन्सिंगने त्यात काही फरक पडणार नाही. तिथे फाटलेलं माउंटिंग, मिसफायर, इंजेक्टर, व्हॉल्व्ह क्लिअरन्स किंवा एखाद्या सिलेंडरचं कमी कॉम्प्रेशन शोधायचं. ३५०० च्या पुढे थरथर वाढत जाते आणि आरपीएमबरोबर चढतच राहते, तेव्हा वजनांवर संशय घ्यायचा.

दुसरी गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर एवढं काम करून पदरी निराशा पडेल. चार सिलेंडरच्या इंजिनात १ आणि ४ नंबरचे पिस्टन एकत्र वर जातात तेव्हा २ आणि ३ खाली येतात. चारही वजनं सारखी असतील तर एका फेऱ्याला एकदा बसणारा धक्का आपापसांत संपतो. पण रॉड तिरका होत असल्यामुळे वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या पिस्टनची गती तंतोतंत उलट नसते. त्यातून फेऱ्याला दोनदा येणारा धक्का उरतो, आणि तो चारही सिलेंडरचा एकाच दिशेला जमा होतो. सिलेंडरमागे ४०० ग्रॅम वरखाली होणारं वजन धरलं आणि क्रँकच्या त्रिज्येचं रॉडच्या लांबीशी प्रमाण ०.३ धरलं, तर ६००० आरपीएमला हा धक्का सातशे किलोच्या पुढे जातो. तो काढायचा तर क्रँकच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन बॅलन्सर शाफ्ट लागतात. ही लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याची युक्ती. जिप्सीच्या इंजिनात ते शाफ्ट नाहीत. त्यामुळे चार सिलेंडरचा तो बारीक गुणगुणता कंप राहणारच. जाणार आहे तो फेऱ्याला एकदा बसणारा दणका, जो स्टिअरिंगला, गिअर लिव्हरला आणि मेन बेअरिंगला जाणवतो.

सामान

डिजिटल काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा आणि किमान १ किलो, शक्यतो २ किलो क्षमतेचा घ्या. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे चालत नाही. सराफाचा ०.०१ ग्रॅमचा काटा बारीक असतो, पण रॉड त्याच्या क्षमतेत बसत नाही. काट्याचा आकडा सरकारी वजनाशी तंतोतंत जुळतो का, याची फारशी काळजी नको. आपल्याला तुलना करायची आहे. तीच वस्तू पाच वेळा ठेवली तर पाचही वेळा ०.१ ग्रॅमच्या आत तोच आकडा येतो का, एवढं पाहा. येत नसेल तर आधी बॅटरी बदला.

पंखा बंद करा. हे गमतीने सांगत नाही, पंख्याच्या वाऱ्याने ताटलीवरचा आकडा अर्धा अर्धा ग्रॅम नाचतो. वस्तू दर वेळी ताटलीच्या मधोमध ठेवा. दर चार वजनांनंतर पहिली वस्तू पुन्हा ठेवून आकडा सरकला नाही ना, ते बघा.

बाकी लागेल ते असं: बारीक आणि मध्यम कानस, १२० ते ४०० नंबरचा पॉलिश पेपर, हातातला छोटा बेल्ट सँडर असेल तर उत्तम, ड्रिल, डायल गेज आणि व्ही ब्लॉक, स्पिरिट लेव्हल, पक्का मार्कर, वही. डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला मास्क. एक कडक सूचना: ॲल्युमिनियमचा पिस्टन बेंच ग्राइंडरच्या दगडावर कधीही धरू नका. ॲल्युमिनियम दगडाच्या छिद्रांत भरतं, दगड तापतो आणि फुटून अंगावर येऊ शकतो. पिस्टनला कानस किंवा मिलिंगच.

वजनं शेवटी करायची

नवशिक्यांची सर्वात मोठी चूक म्हणजे जुने भाग निघाल्या निघाल्या तोलायला बसणं. वजन हे सगळ्या मशीनिंगच्या नंतरचं काम आहे. ब्लॉक बोअर होऊन पिस्टनचा ओव्हरसाइज ठरला, रॉड सरळ आहेत का ते तपासलं, बिग एंड (रॉडचं क्रँककडचं टोक) गोल करून घेतला, स्मॉल एंडचा (पिस्टनकडच्या टोकाचा) बुश बदलायचा असेल तर बदलून रीम केला, क्रँक घासून झाली, नवे रॉड बोल्ट आले, की मग काटा बाहेर काढायचा. नंतर बुश बदलला तर आधीचे सगळे आकडे वाया.

उघडताना मात्र खुणा पहिल्या दिवशीच करा. प्रत्येक रॉड आणि त्याची कॅप ही जोडी असते. बिग एंडचं भोक ती जोडी एकत्र कसूनच घडवलेलं असतं, म्हणून एकाची कॅप दुसऱ्याला किंवा उलटी बसवली तर भोक गोल राहत नाही आणि शेल (भोकात बसणारी बेअरिंगची अर्धगोल पत्ती) खातं. कारखान्याचे नंबर असतील तर ते, नसतील तर मार्करने दोन्ही अर्ध्यांवर एकाच बाजूला १ ते ४ लिहा. रॉडच्या दांड्यावर पंच मारू नका, तिथूनच तडा सुरू होतो.

बोअरिंग करताना चारही सिलेंडर एकाच मापाला न्या आणि चारही पिस्टन एकाच कंपनीचे, एकाच सेटचे घ्या. ‘एकच पिस्टन खराब आहे, तेवढाच बदलू’ हा सल्ला पैसे वाचवतो, पण ०.५० मिमीचा ओव्हरसाइज पिस्टन स्टँडर्डपेक्षा जड असतो आणि वेगळ्या कंपनीच्या पिस्टनच्या वजनात तर कितीही अंतर असू शकतं. चारही सारखेच जड झाले तर चार सिलेंडरच्या इंजिनाचं फारसं बिघडत नाही. एकच जड झाला तर बिघडतं.

पिस्टन

भाग धुवून पूर्ण कोरडे करा. नव्या पिस्टनवर गंजरोधक तेल आणि कधी कधी स्टिकर असतो, तो काढा. जुनेच वापरणार असाल तर रिंगच्या खाचांतला आणि ऑइल रिंगमागच्या छिद्रांतला कार्बन संपूर्ण निघाला पाहिजे, नाहीतर तुम्ही कार्बनच तोलत बसाल. गजन पिन (पिस्टनला रॉडशी जोडणारी पिन) पोकळ असते, तिच्या आत रॉकेल राहून जातं.

पिस्टन, पिन, रिंगचा संच आणि सर्क्लिप असतील तर तेही, वेगवेगळे तोला आणि वहीत तक्ता करा. रिंग प्लास्टिकच्या छोट्या वाटीत ठेवून वाटीचं वजन आधी शून्य करा. रिंगच्या चार संचांत फारसा फरक निघत नाही. निघालाच तर रिंग घासायच्या नाहीत, तो फरक पिस्टनमध्ये धरायचा.

समजा पिस्टन २६२.४, २६०.९, २६३.१ आणि २६१.३ ग्रॅमचे आहेत आणि पिन ६४.८, ६५.३, ६४.५, ६५.१ च्या. कानस उचलण्याआधी जोड्या बदलून पाहा. सर्वात जड पिस्टनला सर्वात हलकी पिन दिली की ३२७.६, ३२७.२, ३२६.४ आणि ३२६.२ असे आकडे येतात. २.२ ग्रॅमचं अंतर एकही कण न काढता १.४ वर आलं. मात्र कंपनीने पिस्टन आणि पिन मापाने जुळवून एकाच डबीत दिले असतील, रंगाची खूण किंवा अक्षर असेल, तर ही अदलाबदल करू नका. तिथे फिटिंगचं माप वजनापेक्षा महत्त्वाचं. पिन रॉडमध्ये प्रेसने बसणारी असेल तर ती एकदाच बसते, म्हणून जोड्या आधी कागदावर ठरवा.

आता सर्वात हलक्या जोडीला धरून बाकीच्या तीन तिच्यावर आणायच्या. १.४ ग्रॅम ॲल्युमिनियम म्हणजे अर्धा घनसेंटीमीटर, जेमतेम एका शेंगदाण्याएवढं. ते कुठून काढायचं हाच सगळा प्रश्न. पिस्टन उलटा धरा. पिनच्या दोन्ही बाजूंना जाड कान असतात आणि त्यांच्या खालच्या टोकाला बहुतेक पिस्टनमध्ये मुद्दाम ठेवलेली सपाट गादी दिसते. तिथून, दोन्ही बाजूंनी सारखं काढायचं. ०.२ ग्रॅम राहिलं की कानस ठेवा आणि पॉलिश पेपर घ्या, कारण काढलेलं परत लावता येत नाही. एकाला जास्त घासलं तर नवा हलका पिस्टन तोच, आणि बाकी तिघांना पुन्हा खाली यावं लागतं.

डोक्याच्या आतल्या बाजूला हात लावू नका. वरून स्फोटाचा दाब आणि उष्णता त्याच जाडीवर असते. डोक्याचा वरचा भाग घासला तर कॉम्प्रेशन रेशो बदलतो. स्कर्टच्या (पिस्टनच्या रिंगखालच्या भागाच्या) ज्या दोन बाजू सिलेंडरला टेकतात त्याही वर्ज्य. पिनच्या भोकाभोवती निदान मूळ जाडीचा बहुतांश भाग राहिलाच पाहिजे. गादी संपली आणि वजन अजून जास्त आहे असं झालं, तर तो पिस्टन परत करून दुसरा घ्या. चांगल्या सेटमध्ये एवढा फरक नसतो.

०.५ ग्रॅमच्या आत चारही आले की पिस्टन झाले. रोजच्या गाडीसाठी १ ग्रॅमही पुरेसा आहे. ०.१ च्या मागे लागून रात्री घालवू नका, इंजिनात पिस्टनवर चिकटणारं तेलच त्याहून जास्त असतं.

कनेक्टिंग रॉड: इथे खरी मेहनत आहे

रॉडचं एकूण वजन सारखं असून भागत नाही. खालचं टोक क्रँकबरोबर गोल फिरतं, वरचं पिस्टनबरोबर वरखाली जातं. दोन रॉड ४७० ग्रॅमचेच असतील, पण एकाचं वजन खाली आणि दुसऱ्याचं वर असेल, तर काट्यावर सारखे दिसणारे हे रॉड इंजिनात वेगळे वागतात. म्हणून दोन्ही टोकं स्वतंत्र तोलायची.

त्यासाठी जिग घरी बनते. जाड प्लायवुडच्या पाटावर एक उभा खांब रोवा. खांबाच्या आडव्या दांडीवरून बारीक तार किंवा साखळी सोडा आणि तिच्या टोकाला एक छोटं बॉल बेअरिंग बांधा, ज्याच्यावर रॉडचं एक टोक लटकेल. बेअरिंग अशासाठी की टांगलेल्या बाजूला घर्षण अजिबात नको. दुसरं टोक काट्यावर ठेवलेल्या छोट्या आधारावर टेकेल. त्या आधाराची वरची कड गोल असावी, म्हणजे रॉड एकाच रेषेवर टेकतो.

१. रॉडला कॅप, बोल्ट आणि नट लावा, शेल लावू नका. चारही रॉडचे बोल्ट सारख्याच हलक्या ताणाने आवळा.

२. आधाराचं वजन शून्य करा. स्मॉल एंड तारेला लटकवा, बिग एंडचं भोक आधारावर ठेवा.

३. रॉडची मधली रेषा आडवी आणि तार अगदी उभी हवी. स्पिरिट लेव्हलने आणि ओळंब्याने पाहा. तार तिरकी असेल तर ती रॉडला बाजूला ओढते आणि आकडा खोटा येतो.

४. रॉड हलकेच उचलून पुन्हा ठेवा, तीनदा. तिन्ही आकडे ०.२ ग्रॅमच्या आत यायला हवेत.

५. उलटा करून स्मॉल एंडही असाच तोला.

६. दोन्ही टोकांची बेरीज अख्ख्या रॉडच्या वजनाएवढी यायला हवी. एकूण ४६९.८ असेल आणि टोकं ३४१.३ व १२८.४ भरली तर जिग बरोबर आहे. अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर कुठेतरी घर्षण आहे किंवा रॉड आडवा नाही. जिग दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चारही रॉडचे तीन तीन आकडे लिहा. सर्वात हलका बिग एंड एका रॉडचा आणि सर्वात हलका स्मॉल एंड दुसऱ्याच रॉडचा असू शकतो. दोन्ही लक्ष्यं वेगवेगळी ठरवा.

वजन काढायच्या जागा दोनच: कॅपच्या तळाशी असलेली गादी आणि स्मॉल एंडच्या डोक्यावरची गादी. बोल्टची बैठक, बोल्टच्या शेजारचा खांदा, आणि रॉडचा आय आकाराचा दांडा यांना हात लावायचा नाही. सँडर रॉडच्या लांबीच्या दिशेने चालवा. आडवे ओरखडे म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण. लोखंड निळं पडेपर्यंत तापवू नका. हाताला चटका बसायला लागला की थांबून गार होऊ द्या. शेवटी ४०० नंबरच्या पेपरने गुळगुळीत करा.

इथे एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. कॅपच्या तळाची गादी बिग एंडच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला असते. समजा ती मध्यापासून ३० मिमी बाहेर आहे आणि रॉड मध्यापासून मध्यापर्यंत १२० मिमी लांब आहे. तिथून २ ग्रॅम काढले तर बिग एंडचा आकडा २ ने नव्हे, २.५ ने उतरतो, आणि स्मॉल एंडचा आकडा ०.५ ने चढतो. तराजूच्या दांडीचं गणित आहे हे. म्हणून आधी चारही बिग एंड जुळवा, मग चारही स्मॉल एंड पुन्हा तोला, ते जुळवा, आणि शेवटी बिग एंड आणखी एकदा पाहा. जुन्या स्मॉल एंडच्या आकड्यांवर विसंबून घासायला बसलात तर जास्त काढून बसाल.

प्रत्येक टोक १ ग्रॅमच्या आत आणा. जमलं तर ०.५.

बरेच जण सुचवतात की जड पिस्टन हलक्या रॉडला लावून काम उरकावं. तात्पुरतं जमतं. पण पुढे एखादा रॉड बदलला की सगळी जुळवाजुळव मोडते. प्रत्येक भाग आपल्या जागी सारखा करणं जास्त शहाणपणाचं.

क्रँक

क्रँक घरी बॅलन्स होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. सुरीच्या धारेसारख्या दोन पट्ट्यांवर ठेवून क्रँक कुठे थांबते ते पाहिलं तर फक्त स्थिर असमतोल दिसतो. क्रँक लांब असते. पुढच्या टोकाला ५ ग्रॅम वरच्या बाजूला जास्त आणि मागच्या टोकाला ५ ग्रॅम खालच्या बाजूला जास्त असेल, तर पट्ट्यांवर ती कुठेही शांत उभी राहते, पण फिरवली की डुलते. ते फक्त दोन पातळ्यांत मोजणाऱ्या डायनॅमिक मशीनवर कळतं.

घरी करायची ती पूर्वतयारी. पाच मेन बेअरिंगपैकी पहिल्या आणि पाचव्या जर्नलखाली (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) व्ही ब्लॉक ठेवा, तिसऱ्यावर डायल गेज लावा आणि क्रँक सावकाश एक फेरा फिरवा. सुई ०.०६ मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर क्रँक वाकलेली आहे, आणि वाकलेली क्रँक बॅलन्स करणं व्यर्थ. आधी सरळ करून घ्या किंवा बदला. नेमकी मर्यादा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पाहा. क्रँकवर वेल्डिंगने भरणी करून घासलेली असेल तर बॅलन्सिंग टाळूच नका.

चार सिलेंडरच्या क्रँकचा एक मोठा फायदा आहे. क्रँकच्या पिनांची (ज्यांवर रॉडचे बिग एंड बसतात) रचना आरशासारखी सारखी असल्यामुळे जुळवलेले बिग एंड एकमेकांना तोलतात, आणि क्रँक मशीनवर नुसती फिरवता येते. व्ही-सिक्स किंवा व्ही-एटसारखी पिनांवर बॉबवेट, म्हणजे रॉड-पिस्टनच्या हिशेबाची नकली वजनं, बांधावी लागत नाहीत. त्यामुळे मोटारीचे रोटर आणि ब्लोअरचे पंखे बॅलन्स करणारं वर्कशॉपही हे काम करू शकतं. पुणे, कोल्हापूर, नाशिकसारख्या औद्योगिक शहरांत अशी मशीन सापडतात.

तिथे काय मागायचं ते नेमकं सांगा: जी ६.३ ग्रेड (बॅलन्सच्या अचूकतेचा दर्जा), ६००० आरपीएमला, दोन पातळ्यांत. १२ किलोच्या क्रँकसाठी याचा अर्थ एकूण सुमारे १२० ग्रॅम-मिमी (जास्तीचं वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर), प्रत्येक टोकाला ६०. काउंटरवेटच्या ६० मिमी त्रिज्येवर तो जेमतेम १ ग्रॅम होतो. मशीन क्रँकला काहीशे आरपीएमवरच फिरवतं, ६००० ला नाही. तो आकडा फक्त हिशेबासाठी. दुरुस्ती काउंटरवेटच्या कडेला ड्रिल करून व्हावी, जिथे कारखान्याचीही भोकं दिसतात. जर्नलजवळच्या गोलाईला ड्रिल लागता कामा नये. आधीचे आणि नंतरचे आकडे छापील मागा.

पाठवताना हे सगळं एकत्र पाठवा: क्रँक, तिची चावी (गिअर आणि पुली घसरू न देणारी छोटी पट्टी), टायमिंग गिअर, पुढची पुली आणि तिचा बोल्ट, फ्लायव्हील आणि त्याचे बोल्ट, प्रेशर प्लेट आणि तिचे बोल्ट. क्लच प्लेट पाठवायची नाही, ती दर वेळी वेगळ्या जागी बसते. आधी क्रँक एकटी बॅलन्स होते. मग पुली चढवून फक्त पुलीत दुरुस्ती, मग फ्लायव्हील चढवून फक्त फ्लायव्हीलमध्ये, मग प्रेशर प्लेट चढवून फक्त तिच्यात. सगळं एकदम बांधून दुरुस्ती क्रँकमध्ये केली, तर दोन वर्षांनी क्लच बदलला की बॅलन्स गेला.

तीन सिलेंडरच्या इंजिनाला, उदाहरणार्थ मारुती ८०० च्या ७९६ सीसीच्या इंजिनाला, पिस्टन आणि रॉड असेच जुळवायचे. पण तिथे पिना १२० अंशांवर असतात आणि इंजिन पुढून मागे डुलतं. त्या डुलण्यासाठी क्रँकमध्ये मुद्दाम ठेवलेला असमतोल असतो, आणि काही तीन सिलेंडर इंजिनांत तो फ्लायव्हीलमध्ये आणि पुलीतही असतो. असं फ्लायव्हील एकटं ‘सरळ’ करून आणलं तर इंजिन आधीपेक्षा जास्त हलेल. असं काम बॉबवेट बनवू शकणाऱ्या वर्कशॉपलाच द्या, आणि सोबत एक पूर्ण रॉड-पिस्टन पाठवा.

फ्लायव्हील

फ्लायव्हील पातळ चकती आहे, त्यामुळे चार सिलेंडरच्या इंजिनासाठी ते घरीही बऱ्यापैकी तोलता येतं. मधल्या भोकात घट्ट बसणारा सरळ शाफ्ट लेथवर करून घ्या. दोन घासलेल्या सरळ पट्ट्या लेव्हलमध्ये समांतर उभ्या करा आणि त्यावर शाफ्टसकट फ्लायव्हील ठेवा. हलकेच ढकला. जड बाजू खाली येऊन थांबेल. पाच वेळा तीच जागा खाली आली तर खूण करा. वरच्या बाजूला कडेजवळ मुलांची खेळायची मातीसारखी क्ले चिकटवत जा, फ्लायव्हील कुठेही थांबेल इतकी. मग ती क्ले काढून तोला.

समजा ४.२ ग्रॅम भरली आणि ती मध्यापासून १२५ मिमीवर होती. असमतोल ५२५ ग्रॅम-मिमी. जड बाजूला ड्रिल करायला जागा ११५ मिमीवरच असेल तर ५२५ भागिले ११५, म्हणजे ४.६ ग्रॅम काढायचे. बिडाच्या फ्लायव्हीलमध्ये १० मिमी ड्रिल १ सेंटीमीटर खोल गेला की सुमारे ५.६ ग्रॅम निघतात, म्हणून ८ मिमी खोली पुरे. ड्रिलचं टोक निमुळतं असतं, त्यामुळे थोडं कमीच निघतं. आधी ७ मिमी घ्या आणि पुन्हा तोला. एक खोल भोक पाडण्यापेक्षा शेजारी शेजारी दोन उथळ भोकं चांगली. भोक इंजिनकडच्या बाजूने, आरपार नाही, क्लच घासतो त्या पृष्ठभागापासून आणि रिंग गिअरपासून दूर.

फ्लायव्हील हलकं करण्यासाठी घरी मागून तासणं मात्र पूर्ण टाळा. बिडाचं चाक वेगात फुटलं तर बेलहाऊसिंग आणि फ्लोअर दोन्ही फाडून ड्रायव्हरच्या पायापर्यंत येतं.

बांधणी आणि तपास

ड्रिल आणि कानस यांचा कीस हा नव्या बेअरिंगचा शत्रू आहे. क्रँकच्या तेलाच्या प्रत्येक भोकातून लांब ब्रश आणि साबणाचं गरम पाणी, मग हवा, मग पुन्हा ब्रश. पांढऱ्या कापडावर काळी रेघ उमटेनाशी होईपर्यंत हे चालू ठेवा. क्रॅक तपासताना चुंबकीय केलेली क्रँक किंवा रॉड वर्कशॉपने विचुंबकित करून दिलेत का, ते बारीक लोखंडी किशीवर धरून पाहा. कीस चिकटला तर परत पाठवा.

पुली ते क्रँक, फ्लायव्हील ते क्रँक, प्रेशर प्लेट ते फ्लायव्हील: बॅलन्सिंगच्या वेळी केलेल्या खुणा समोरासमोर आणूनच बसवा. प्रेशर प्लेट एक बोल्ट सरकवून बसवली तर वर्कशॉपचं काम पाण्यात. रॉड बोल्टना मॅन्युअलमधलाच टॉर्क द्या.

रनिंग-इन पूर्ण होईपर्यंत वरच्या आरपीएमची परीक्षा घेऊ नका. नंतर न्यूट्रलमध्ये हळूहळू ३५०० पर्यंत न्या आणि थरथर कुठे सुरू होते ते ऐका. क्लच दाबल्यावर ती बदलली तर प्रेशर प्लेट किंवा क्लच प्लेटकडे पाहा. इंजिन थंड असताना पुढचा बेल्ट काढून वीस-तीस सेकंद चालवल्यावर थरथर गेली, तर दोष अल्टरनेटर किंवा वॉटर पंपात आहे. बेल्ट नसताना पाणी फिरत नाही, म्हणून यापेक्षा जास्त वेळ चालवू नका. गाडी चालतानाच थरथर येत असेल आणि ती आरपीएमऐवजी गाडीच्या वेगाबरोबर बदलत असेल, तर प्रोपेलर शाफ्ट आणि चाकं तपासा. जिप्सीसारख्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत शाफ्टच्या क्रॉसची (सांध्याची) झीज इंजिनाच्या माथी मारली जाते.

वहीतलं पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा: चारही पिस्टन, पिन, दोन्ही टोकांसकट चारही रॉड, आणि मशीनचा छापील रिपोर्ट. पुढे कधी एखादा पिस्टन किंवा रॉड बदलायची वेळ आली, तर इंजिन पूर्ण न उघडता नवा भाग याच आकड्यावर आणून बसवता येतो.